सगळे आत आहेत, दाजी

आमच्या पायलट दाजींना कुठल्याही कार्यक्रमाला बोलावलं की ते सगळ्यांच्या आधी यायचे आणि सगळ्यांच्या शेवटी आत यायचे. मधला वेळ त्यांचा मुक्काम दाराबाहेर, चपलांपाशी. कोणाची चप्पल कोणाच्या बुटावर चढलेली, कोणाची एक उंबऱ्याशी आणि दुसरी जिन्यात, लहान पोरांच्या तर भिरकावलेल्याच. दाजी गुडघ्यांवर बसून एकेक जोड लावायचे, टाचा भिंतीकडे, पुढची टोकं बाहेर. मग उभे राहून बोटानं जोड मोजायचे, दारातून डोकावून माणसं मोजायचे, आणि दोन्हीचा मेळ बसला की आत येऊन कोपऱ्यात मांडी घालायचे. नाही बसला की पुन्हा बाहेर. आत वंदना सुरू असो, केक कापणं असो की जेवणाची पंगत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चाकणच्या रस्त्यावर सरकारी रुग्णवाहिका चालवायचे. तिच्या ड्रायव्हरला आमच्याकडे पायलट म्हणतात, त्यामुळे नात्यात चार दाजी असले तरी ‘पायलट दाजी’ म्हटलं की घोळ होत नसे. मूळचे परभणीकडचे. तरुणपणी पिंपरीत आले, कंपनीचा टेम्पो चालवला, मग ह्या नोकरीत शिरले. तेव्हा आमच्या आईनं संत तुकाराम नगरातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत ‘जावई पायलट झाला’ म्हणून पेढे वाटले होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "मग आम्हाला बसवणार का एकदा?" दाजी म्हणाले, "बसवतो की. फक्त आमच्यात झोपून जावं लागतंय."

एवढा विनोद त्यांना वर्षभर पुरायचा. घरी ते कमीच बोलत. बोलण्याचा सगळा साठा रस्त्यावर संपत असावा, कारण तिथे ते अखंड बोलायचे. मागे डॉक्टर असायचे, पण माणूस उचलून स्ट्रेचरवर घेईपर्यंत दाजीही हात लावायचे आणि तेवढ्या वेळात त्या माणसाला प्रश्न विचारून हैराण करायचे. मी एकदा विचारलं, "बोलता तरी काय त्याच्याशी?"

"काहीबी. गाव कोणतं, एस्टी कुठं थांबती, सकाळी जेवलास का, कालवण काय होतं."

"कालवण?"

"व्हय. माणूस कालवणाचं नाव आठवायला लागला की जरा वेळ थांबतो, मेव्हणे. जायची घाई करत नाही."

आता माझ्याबद्दल. मी एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी खात्यात आहे. पण माझं खरं काम सूत्रसंचालन. आमच्या नगरात कुठेही माईक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. जयंतीचा कार्यक्रम, बारसं, निरोप समारंभ, एकदा तर शेजाऱ्यांच्या बोअरवेलच्या उद्घाटनालाही मी दोन शब्द बोललोय आणि ते दोनशे झाले होते. घरात कोणी पाहुणा आला की लोक म्हणतात, "याला काहीतरी सांगायला लावा." आणि माझ्या पोतडीतला सगळ्यांत चालणारा किस्सा म्हणजे पायलट दाजींच्या चपला.

मी तो साभिनय सांगायचो. गुडघ्यावर बसायचो, अदृश्य चपला सरळ करायचो, भुवया उंचावून बोटानं मोजायचो आणि मग घाबऱ्या आवाजात म्हणायचो, "अरे, एक चप्पल जास्त भरतेय! घरात कोण एका पायावर आलंय?" पोरं हसून लोळायची. दाजी कोपऱ्यात बसलेले असायचे. तेही हसायचे, तोंडावर हात धरून, खाली बघत. त्या हसण्याला मी दाद समजायचो.

ही सवय त्यांना मुळात नव्हती, मध्येच कुठल्याशा हिवाळ्यानंतर लागली, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ताईच्या आणि दाजींच्या लग्नात त्यांचे स्वतःचे बूट हरवले होते आणि ते खुशाल स्लिपर घालून वरातीत नाचले होते. तो किस्साही मीच सांगायचो. दोन्ही किस्से एकाच माणसाचे आहेत, मग मध्ये काय झालं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण दोन्हींना हशा मिळत होता, आणि हशा मिळाला की मला प्रश्न पडत नाहीत.

प्रज्ञाचं, म्हणजे माझ्या थोरलीचं लग्न मोशीच्या एका हॉलमध्ये झालं. स्टेजवर बुद्धांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची प्रतिमा, भन्ते आलेले. नवरा-नवरी दोघंही पायातलं खाली काढून वर गेले. दाजी नव्या सफारीत स्टेजच्या पायऱ्यांपाशी बसून त्यांचं नेहमीचं काम करत होते. त्रिसरण-पंचशील होऊन हार घातले जाईपर्यंत आमच्या भाच्या-पुतण्यांनी डाव साधला आणि नवऱ्याची मोजडी पळवली. एकच पळवली. पोरींचा हिशेब असा की दोन्ही नेल्या तर नवरा दुसऱ्या कोणाचे जोडे घालून निघून जातो. एकच नेली की अडकतो.

दाजी पाणी प्यायला गेले होते. परत आले तर पायरीशी एकटी मोजडी. त्यांनी ती उचलली, आजूबाजूला पाहिलं आणि पोरींना विचारलं, "हिची जोडीची कुठाय?"

"आम्हाला काय माहीत!" पोरी फिदीफिदी हसल्या.

"कुठं पडली? रस्त्याकडं पडली का?"

पोरींना वाटलं, दाजी नवऱ्याच्या बाजूनं खेळतायत. एकीनं हात लांब करून दाखवलं, "हो, तिकडेच!" आणि दाजी तशीच अनवाणी पावलं टाकत हॉलबाहेर चालायला लागले.

माईक माझ्या हातात होता. दुसरीकडे असणारच कुठे. मी घोषणा केली, "मंडळी, वरराजांची एक मोजडी बेपत्ता असून आपले पायलट दाजी शोधमोहिमेवर निघाले आहेत. रस्ता द्या, सायरन वाजवा!" माझ्या एका भाच्यानं मोबाईलवर रुग्णवाहिकेचा सायरन लावून तो दुसऱ्या माईकला धरला. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. इतका हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता. दाजी दारात क्षणभर थबकले आणि मग पळतच बाहेर गेले. तेही लोकांना अभिनयच वाटला.

जेवणं सुरू झाली तेव्हा ताईनं विचारलं, "हे कुठं गेले?"

पार्किंगच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला एक कोरडा चर होता. दाजी त्यात गुडघ्यांवर होते. सफारी मातीनं भरलेली, दोन्ही हातांनी गवत बाजूला सारत पुढे पुढे सरकत होते आणि पुटपुटत होते, "अजून एक आहे. अजून एक आहे इथं." तळव्याला काच लागून रक्त येत होतं. मी येताना पोरींकडून मोजडी घेऊन आलो होतो. ती त्यांच्यासमोर धरून म्हणालो, "दाजी, सापडली हो! ही बघा."

त्यांनी मोजडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आणि माणूस कुठाय?" त्यांनी विचारलं.

ताईनं त्यांना हाताला धरून वर घेतलं, भाच्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि नळाखाली रुमाल भिजवताना मला सगळं सांगितलं. तिचा आवाज भाजीचा भाव सांगावा इतका सपाट होता.

धुक्याची सकाळ होती. पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगारांची वेळ. कुरुळीच्या पुढे एक मोटरसायकल कंटेनरला घासून पडल्याचा फोन आला. दाजी पोहोचले तेव्हा हातभर अंतरापलीकडे दिसत नव्हतं. रस्त्यात एक पोरगा बेशुद्ध पडलेला, पायात नुसते मोजे. आजूबाजूला तीन बूट. दोन काळे, कंपनीचे. एक पांढरा, कापडी. कंटेनरवाला म्हणाला, एकटाच होता. डॉक्टर घाई करत होते, पोरगा हातचा जाईल असं वाटत होतं. स्ट्रेचरचं चाक त्या पांढऱ्या बुटाला अडलं. रस्त्यावर जुनी पायताणं पडलेलीच असतात. दाजींनी तो बूट पायानं बाजूला सारला आणि गाडी काढली.

त्या पोराचा खोलीतला जोडीदार मागे बसला होता. तो उडून चरात पडला होता. धुकं विरल्यावर भाजीच्या टेम्पोवाल्याला दिसला, तोवर उशीर झाला होता. त्याच्या एका पायात पांढरा कापडी बूट होता.

"पहिला पोरगा वाचला," ताई म्हणाली. "शुद्धीवर आल्या आल्या त्यानं ह्यांनाच विचारलं, माझा दोस्त कोणत्या वॉर्डात आहे? हे बघायला गेले होते त्याला."

"मला का नाही सांगितलं गं इतकी वर्षं?"

ताईनं रुमाल पिळला. "तुला सांगितलं असतं तर तू त्याचाही किस्सा केला असतास."

ती रागानं म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. संध्याकाळी प्रज्ञाच्या पाठवणीच्या वेळी मी जो हंबरडा फोडला, तो लोकांना बापाचा वाटला. व्याह्यांनी मला जवळ घेऊन पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली. तेही मनाला लागून राहिलंय.

त्यानंतर दाजी गाडीवर चढेनात. रजा टाकून मोशीच्या आपल्या घरात बसून राहिले. आणि मी, ज्याला आयुष्यात फक्त बोलता आलं, तो आता मदत करायला निघालो. पहिलं काम काय केलं, तर आमच्या घरी एक भलंमोठं, दारं असलेलं चपलांचं कपाट आणलं. प्लायवुडचं, वर आरसा लावलेलं. बायकोला, पोरांना, येणाऱ्या-जाणाऱ्याला ताकीद दिली: दाजी येणार असले की एकही चप्पल बाहेर दिसता कामा नये. चपला दिसल्या की त्यांना त्रास होतो, हे मी सगळ्यांना तज्ज्ञाच्या थाटात समजावून सांगितलं. जे कपाटात मावेना ते पलंगाखाली ढकललं.

प्रज्ञा आणि जावई पहिल्यांदा जेवायला आले त्या रविवारी ताई आणि दाजींना बोलावलं. घर भरलेलं, गप्पांचा गोंगाट. ताई दुकानातून दही घेऊन वर आली आणि म्हणाली, "हे पुढं आले होते ना?" आलेच नव्हते. मी फोन लावला. दाजी खाली रस्त्यावर, पिंपळाच्या पारावर बसले होते.

"वर या की, दाजी. सगळे वाट बघतायत."

"कोण सगळे? दारात एक चप्पल नाही, मेव्हणे. आतून इतक्या लोकांचे आवाज, आणि बाहेर एकबी पायताण नाही. मला वाटलं…"

मी खाली धावलो, चपला कपाटात का ठेवल्या ते सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "चपला बघून मला त्रास होत नाही हो. चपला बघून बरं वाटतं. कोण कोण आत आहे ते कळतं. तुम्ही तर माझी औषधाची बाटलीच कपाटात घातली." आणि मग, माझा चेहरा बघून असेल, वर म्हणाले, "कपाट चांगलंय पण. आरसा बी आहे म्हणं."

दवाखान्यात चला म्हटलं की ते एकच बोलायचे, "मी वेडा नाही." ताईनं सांगून पाहिलं, त्यांच्या साहेबांनी सांगून पाहिलं. शेवटी एका गुरुवारी ‘नुसतं बघून येऊ’ म्हणत मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून सरकारी रुग्णालयात नेलं. माझी चूक अशी की ज्या रुग्णालयात ते वर्षानुवर्षं पेशंट पोहोचवत होते, तिथेच नेलं. दारातला वॉर्डबॉय, लिफ्टवाला, केसपेपरची खिडकी, सगळे ओळखीचे.

"काय पायलट! आज कोणाला आणलं?" मनोविकार विभागाच्या बाकापाशी एका वॉर्डबॉयनं विचारलं.

दाजींनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "मेव्हण्यांना. लई बोलतात."

वॉर्डबॉयनं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि माझ्या नावाचा केसपेपर निघाला. मी नाही म्हणालो नाही. नाही म्हटलं असतं तर दाजी उठून गेले असते. तासाभरानं नंबर लागला. डॉक्टर मॅडम माझ्या प्रज्ञाच्याच वयाच्या. दाजी माझे नातेवाईक म्हणून शेजारी बसले.

"काय त्रास होतो, काका?"

मी नाटक करणार होतो. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. म्हणालो, "मॅडम, मी एका माणसाची फार थट्टा केली. चारचौघांत, माईकवर. त्याला काय झालंय हे मला माहीत नव्हतं, पण विचारलंही नव्हतं. आता डोळे मिटले की सायरन ऐकू येतो आणि लोक हसताना ऐकू येतात. जेवण जात नाही." आणि मग तिथे, त्या पोरीएवढ्या डॉक्टरांसमोर, मी रडायला लागलो. ह्या खेपेला माईक नव्हता.

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग दाजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, ह्यांना काही झालेलं नाही. हे जरा हळवे आहेत. आता माझं ऐका."

आणि त्यांनी सांगितलं. धुकं, तीन बूट, पायानं बाजूला सारलेला एक. शेवटी म्हणाले, "एका माणसाला तीन बूट असतात का, मॅडम? एवढा साधा हिशेब. पोरालासुद्धा जमला असता."

मॅडम म्हणाल्या, तो दुसरा मुलगा लगेच सापडला असता तरी कदाचित वाचला नसता.

"कदाचित," दाजी म्हणाले. "तो शब्द तुम्हाला बरा आहे. मला तो रोज सकाळी खातो."

मॅडमनी त्यांना खोडून काढलं नाही. एवढंच सांगितलं की ह्याला नाव आहे, आघातानंतरचा ताण; फौजेतल्या जवानांना होतो, आगीत शिरणाऱ्यांना होतो, पोलिसांना होतो, पायलटांनाही होतो.

"फौजेतल्यांना होतो?" दाजी सावरून बसले. "मग ठीकाय." घरी जाताना स्कूटरवर मागून त्यांनी तीनदा ते मला ऐकवलं.

गोळ्या सुरू झाल्या, दर गुरुवारच्या खेपा सुरू झाल्या. चपलांसाठी मॅडमनी एक नियम घालून दिला. चपला लपवायच्या नाहीत. दाजींनी दारात एकदा जोड लावायचे आणि एकदाच विचारायचं, ‘सगळे आत?’ आतून एकानंच उत्तर द्यायचं. त्यांनी पुन्हा विचारलं तर मात्र कोणी काही बोलायचं नाही. घाबरे होतील, घाम येईल, तरी नाही. ती भीती आपोआप उतरते, हे त्यांच्या मनाला कळू द्यायचं.

"फार अवघड जाईल," मॅडम म्हणाल्या. मी दाजींकडे पाहिलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "उत्तर देणाऱ्यालाही."

उत्तर देणारा मीच ठरलो. पहिल्या रविवारी विहारातली वंदना आटोपून सगळे आमच्याकडे पोह्यांना आले. दाजी दारात. जोड लावून झाले.

"सगळे आत?"

"सगळे आत आहेत, दाजी."

मग, "सगळे ना?"

मी तोंड उघडलं. बायकोनं त्यात पोह्यांचा घास कोंबला.

"मेव्हणे? सगळे ना?"

दारातून ते मला दिसत होते, मी त्यांना. कपाळावर घाम डवरलेला, एक हात चौकटीवर. "बोला की, मेव्हणे," ते म्हणाले. "एकदाच बोला."

मी मान खाली घातली. ज्या माणसाबद्दल मी हजारो शब्द बोललो होतो, त्यानं समोर उभं राहून एक शब्द मागितला आणि मी तो दिला नाही. नियम होता, बरोबर होता, डॉक्टरांनी सांगितलेला होता. हे सगळं मला पाठ आहे. दाजी जिन्याच्या पायरीवर बसले, ताई त्यांच्या शेजारी. पोहे गार झाले तेव्हा ते आत आले, कोणाशी न बोलता खाल्ले आणि जाताना मला म्हणाले, "तुम्हाला गप्प बसता येतं हे माहीत नव्हतं." त्यात टोमणा होता की शाबासकी, ते अजून कळलेलं नाही.

असे कितीतरी रविवार गेले. दुसऱ्यांदा विचारणं आधी जोरात, मग हळू, मग नुसतं माझ्याकडे बघणं. एका रविवारी त्यांनी ‘सगळे आत?’ विचारलं, उत्तर ऐकलं, पायातली सँडल काढली आणि आत येत म्हणाले, "आज शेंगदाणे घातलेत का?" बायकोनं स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. मी ओट्याशी शेंगदाणे शोधत बसलो.

पुढे ते कामावरही गेले. गाडी चालवायला नव्हे. नव्या पायलटांच्या शेजारी बसून शिकवायला. त्यांची शिकवणी ठरलेली: "उतरलं की माणसाला हात घालायच्या आधी एक नजर पायताणांवर टाक. आणि कुठलंबी पायताण पायानं सारायचं नाही. उचलून पेशंटसोबत आणायचं." मॅडमना विचारलं, हे चालेल का? मॅडम म्हणाल्या, रस्त्यावर मोजणं हे काम आहे, ते करू द्या.

पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी त्यांचा फोन यायचा. "बाहेर धुकंय," एवढंच.

"इकडे पण आहे," मी म्हणायचो. आणि पुढे काय बोलावं हे मला, सूत्रसंचालकाला, सुचायचं नाही. एकदा न राहवून विचारलं, "रात्री कालवण काय होतं, दाजी?"

पलीकडे खोल आवाजात ते हसले. "माझंच औषध मला देता व्हय?" पण सांगितलं. "शेपू. तुमच्या ताईनं केलेला. दोन दिवस पुरंल." मग धुकं असेल त्या सकाळी आम्ही कालवणांवर बोलायचो, रस्ता स्पष्ट दिसायला लागेपर्यंत.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी, आमच्याच घरी, पोहे खाऊन झाल्यावर दाजींनी छातीवर हात ठेवला आणि ताईला म्हणाले, "गाडी बोलव. माझ्यासाठी." गाडी आली. पायलट त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता दोन मुलांचा बाप. तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली न्यायचं होतं. दारातून स्ट्रेचर बाहेर पडताना दाजींनी मान वळवून चपलांच्या रांगेकडे पाहिलं. रांग त्यांनीच सकाळी लावलेली.

"सगळे आत?"

"सगळे आत आहेत, दाजी."

मी थांबलो. मनाशी पक्कं केलं होतं, आज नियम गेला खड्ड्यात. दुसऱ्यांदा विचारलं की सांगायचं, तिसऱ्यांदा विचारलं की सांगायचं, जिना उतरेपर्यंत सांगत राहायचं. आजवर अडवून धरलेली सगळी उत्तरं घशाशी आली होती.

त्यांनी विचारलंच नाही. डोळे मिटून घेतले. पायलटनं वाकून त्यांच्या दोन्ही सँडल उचलल्या, त्यांच्या पायांशी ठेवल्या आणि जिना उतरता उतरता बोलायला लागला, "काका, काय खाल्लं सकाळी? काका, ऐकताय ना? काय खाल्लं?"

"पोहे," दाजी म्हणाले. "मीठ कमी होतं."

मी ऐकलेलं त्यांचं शेवटचं बोलणं ते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ते गेले होते. गुरुवारी मॅडमना सांगायला मी एकटाच गेलो. दुसऱ्यांदा विचारलं नाही हे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांना पहिल्याच उत्तरावर विश्वास बसला." असेल. मला मात्र वाटतं, मी दुसऱ्यांदा उत्तर देणार नाही हे त्यांना माहीत होतं. माणूस किती वेळा मागून बघणार?

दाजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मोशीला झाला. गणवेशातले पायलट आले होते, डॉक्टर आले होते, कुरुळीहून एक लंगडणारा तरुण आला होता, तो कोण हे विचारावं लागलं नाही. भन्तेंचं झाल्यावर कोणीतरी माईक माझ्याकडे सरकवला. माझा हात पुढे गेला नाही. ताईनं तो घेऊन माझ्यासमोर धरला. "सांग लोकांना," ती म्हणाली. "तुला सांगता येतं."

मला सांगता आलं नाही. मी उठून दाराबाहेर गेलो. तिथे चपलांचा नुसता खच पडला होता. पायलटांचे बूट, बायकांच्या चपला, पोरांचे फ्लोटर, सगळं एकमेकांवर. मी गुडघ्यांवर बसलो. गुडघे कुरकुरले. एकेक जोड लावत गेलो, टाचा भिंतीकडे, टोकं बाहेर. एकही सुटा उरला नाही. दारातून आत डोकावलो. सगळे बसले होते.

"सगळे आत आहेत, दाजी," मी म्हणालो.

थोडा थांबलो. कोणी काही विचारलं नाही. तरी पुन्हा एकदा म्हणालो. डॉक्टर मॅडमना सांगू नका.